पण हे कशावर घेतात?

जगातील यच्चयावत वनस्पतिशास्त्रज्ञांनी आजवर वृक्षांविषयी जे जे प्रश्न उपस्थित केले असतील, म्हणजे मूळ कोठले, कूळ कोणते, पाने समोरासमोर की एकाआड एक, परागण वाऱ्याने होते की वटवाघळाने, त्या सर्वांची उत्तरे मुखोद्गत करून एखादा उमेदीचा तरुण मार्गदर्शक आमच्या पनवेलच्या मंडळींना घेऊन रानात शिरला, तर त्याच्या शास्त्रीय आयुष्यातील पहिला पराभव त्याला पहिल्याच झाडाखाली, सकाळच्या चहाची चव तोंडातून जाण्यापूर्वीच पत्करावा लागतो; कारण झाडाचे लॅटिन नाव, कूळ आणि आदिवास सांगून झाल्यावर जी आदरयुक्त शांतता पसरते तिचा भंग करून मागच्या रांगेतून कोणीतरी विचारतेच, "ते सगळं ठीक आहे हो, पण हे कशावर घेतात?"

वस्तुतः पनवेलास शास्त्रोक्त वनस्पती-उद्यान असे नाही. इतर पुष्कळ गोष्टी आहेत. १८५२ साली स्थापन झालेली, आणि म्हणून महाराष्ट्रातील अगदी आद्य नगरपालिकांत गणली जाणारी नगरपालिका होती, जिची २०१६ साली महानगरपालिका झाली, तळी आहेत, आणि नव्या वसाहतींतून कदंब, बकुळ, पारिजात अशी नावे धारण करणाऱ्या इमारती आहेत, ज्यांच्या आवारात कदंब, बकुळ वा पारिजात यांपैकी काहीही नसून कुंपणालगत खोट्या अशोकाची एक निमूट रांग तेवढी उभी असते. लॅटिन पाट्या लावलेले उद्यान मात्र नाही, आणि ती उणीव भरून काढण्याचे काम गोव्याच्या महामार्गावर, गावापासून दहा-बारा किलोमीटरांवर असलेल्या कर्नाळ्याच्या अभयारण्याकडे आपोआप आले आहे. ज्या डोंगराच्या माथ्यावर अंगठ्याच्या आकाराचा तो सुप्रसिद्ध सुळका उभा आहे त्याच्या भोवतालचे रान १९६८ साली पक्ष्यांसाठी राखून ठेवण्यात आले आणि २००३ साली त्याची हद्द वाढवून ती बारा चौरस किलोमीटरांच्या घरात नेण्यात आली. तेव्हा दप्तरी पाहू गेल्यास हा सारा सरंजाम पक्ष्यांचा. परंतु पक्षी हे कोणत्याही शैक्षणिक उपक्रमाच्या दृष्टीने अत्यंत बेभरवशाचे सहकारी होत. चाळीस मुले, चार शिक्षिका आणि एक शिट्टी असा काफिला ‘हरियाल’ नावाच्या पायवाटेने पुढे सरकू लागला, की हरियालच काय, पण माणसाची भीड ज्यांना ठाऊक नाही असे ते सातभाईसुद्धा आपला मुक्काम दरीपलीकडे हलवतात, आणि परिपत्रकात ‘पक्षिनिरीक्षण’ म्हणून छापलेला कार्यक्रम बिनबोभाट वृक्षपरिचयात रूपांतरित होतो, कारण झाडांना पळता येत नाही. उष्ण कटिबंधातील वनस्पतींचे आमचे शिक्षण हे अशा रीतीने पक्ष्यांच्या गैरहजेरीत पार पडते.

अशा कार्यक्रमांना मी शिक्षक म्हणून नव्हे, विद्यार्थी म्हणूनही नव्हे, तर मुलांच्या मागून चालणारे जे एक बिनपगारी प्रौढ मंडळ असते त्याचा सभासद या नात्याने उपस्थित असतो, आणि ही जागा निरीक्षणाला मोठी सोयीची असते; कारण पुढच्या रांगेला झाड दिसते, मागच्या रांगेला माणसे दिसतात. मुलांचा प्रश्न एकच असतो: "सर, हे खाता येतं का?" ‘नाही’ असे उत्तर आले तर मुलांच्या दृष्टीने ते झाड तत्क्षणी बरखास्त होते, आणि ‘हो’ असे आले तर झाडाच्या हितासाठी मुलांनाच बरखास्त करण्याची वेळ येते. पुढे मुले वाढतात, मुंज होते, लग्ने होतात, रक्तदाब सुरू होतो, आणि तोच प्रश्न प्रौढ रूप धारण करून ‘कशावर घेतात’ असा येतो. मधल्या वीस-पंचवीस वर्षांत माणूस झाडाकडे पाहतच नाही, सबब त्या वयाचे विद्यार्थी या कार्यक्रमांना मिळत नाहीत.

प्रौढ मंडळाचे अध्यक्षपद, कोणीही न देता, महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांकडे आहे. त्यांना सारे अण्णा म्हणतात. अण्णांजवळ खतावणीच्या आकाराची एक वही असून तिच्यात झाड, झाडाचा भाग, रोग, मात्रा आणि पथ्य असे रकाने त्यांनी स्वहस्ते आखलेले आहेत. मार्गदर्शकाने पानांची रचना, सालीची ठेवण, फुलांतील पुंकेसरांची संख्या असे बरेच काही सांगितले तरी अण्णांची लेखणी हलत नाही. मात्र ‘याच्या सालीचा काढा’ एवढे दोन-तीन शब्द कानी पडताच पंचनाम्यास बसलेल्या कारकुनाच्या तत्परतेने ती कागदावर चालू लागते. एकदा ऐनाच्या झाडाखाली मार्गदर्शक त्याच्या मगरीच्या पाठीसारख्या भेगाळलेल्या सालीचे वर्णन रंगात येऊन करीत असता अण्णांनी त्यास थांबवून म्हटले, "सर, वर्णन घरी जाऊन वाचू. गुण सांगा, गुण." अण्णा औषध घेत नाहीत, ही यातली खरी मौज आहे. त्यांची प्रकृती उत्तम आहे, आणि त्या वहीतील एकही काढा त्यांनी आजवर चाखलेला नाही. पण पुढेमागे होऊ शकणाऱ्या प्रत्येक रोगाची तजवीज करून ठेवल्याखेरीज निवृत्तिवेतन सुखाने घेता येत नाही असा त्यांचा स्वभाव आहे.

पाट्यांवर जो मजकूर असतो तोही या बाबतीत सामील आहे. कोणत्याही उद्यानातील पाटी घ्या: वर लॅटिन नाव, जे रंगाऱ्याने स्वतःच्या कल्पनेने लिहिलेले असते, खाली कूळ, मग स्थानिक नाव, आणि शेवटच्या ओळीत ‘उपयोग’. वाचक ही पाटी खालून वर वाचतो आणि खालची ओळ संपली की पुढे चालू लागतो. आंब्याच्या झाडावर ‘उपयोग: फळे खाण्यासाठी’ अशी पाटी मी प्रत्यक्ष पाहिली आहे, आणि ती वहीत उतरवून घेण्यासाठी थांबलेली कोकणातली मुलेही पाहिली आहेत, ज्यांच्या घरामागे आंब्याची झाडे होती. पाटीचा प्रभाव किती असतो हे पाहायचे असेल तर ज्याच्या पाटीवर ‘साल हृदयविकारावर गुणकारी’ असे लिहिलेले आहे असा एखादा सार्वजनिक उद्यानातील अर्जुनवृक्ष शोधावा. माणसाचा हात जिथवर पोचतो तिथवर त्याचे अंग सोलून काढलेले असते, वर मात्र तो सुखरूप असतो. आणि एका बाजूस तो सोललेला पट्टा जो अचानक हातभर उंच गेलेला दिसतो, त्यावरून कोणी हृदयरोगी घरून स्टूल घेऊन आला होता असा निष्कर्ष काढण्यास प्रत्यवाय नाही. लोकशिक्षणाचा इतका परिणामकारक नमुना शिक्षणखात्याच्या कोणत्याही अहवालात सापडणार नाही.

मार्गदर्शकाविषयी मला सहानुभूती आहे. तो विज्ञानाचा पदवीधर असतो, त्याला झाडे झाडे म्हणून आवडतात, आणि औषधाच्या प्रश्नाने त्याच्या चेहऱ्यावर गवयाला मैफलीत ‘तंबोरा किती रुपयांना पडला’ असे विचारल्यावर येते तशी छटा येते. परंतु पनवेलकराची बाजूही ऐकून घेणे न्यायाचे होईल. ज्या गावात १८७२ पासून धूतपापेश्वरची आसवे आणि अरिष्टे तयार होत आली, त्या गावातील माणसाने सीतेच्या अशोकाखाली उभे राहून त्याच्या शेंदरी गुच्छांकडे पाहावे आणि अशोकारिष्टाची आठवणही होऊ देऊ नये, ही अपेक्षा शास्त्राला धरून असली तरी मनुष्यस्वभावाला धरून नाही. शिवाय अण्णांच्या प्रश्नामागे परंपरेची जी सनद आहे ती मार्गदर्शकाच्या प्रश्नांमागे नाही, आणि हे इतिहास चाळणाऱ्या कोणासही सहज दिसून येईल.

पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यात जो ग्रंथ छापविला त्याचा सारा घाट प्रश्नोत्तरांचा आहे: एक जिज्ञासू पाहुणा हिंदुस्थानातील झाडपाल्याविषयी आणि औषधी द्रव्यांविषयी एकामागून एक विचारीत जातो आणि वैद्यबुवा उत्तरे देत जातात. अण्णांचा हा आद्य पूर्वज साडेचार शतकांपूर्वीच छापला गेला होता. त्या वैद्यबुवांकडे मुंबईचे बेट इजाऱ्याने होते, आणि आपल्या त्या बेटावरील एका आंब्याला वर्षातून दोन बहर येतात असेही त्यांनी ग्रंथात नमूद करून ठेवले आहे. त्यामुळे ‘आमच्या गावच्या आंब्याला दोनदा मोहोर येतो’ असे सांगून प्रत्येक सहलीत मार्गदर्शकाला अडवणारा जो दुसरा एक गृहस्थ असतो, त्याचाही वंश पुराणा आहे असे म्हणावे लागते. पुढे शतकभराने डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारातील वनस्पतींवर बारा खंडांचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, जो १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅमला छापला गेला. त्याच्या कामी इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट असे तीन कोकणी वैद्य होते, आणि त्यांची नागरी लिपीतील कोकणी जबानी पहिल्या खंडात मोठ्या मानाने छापलेली आहे. म्हणजे युरोपातल्या पंडितांना उष्ण कटिबंधाची झाडे शिकविण्याचा जो पहिला भव्य उपक्रम झाला, त्यात शिकविणारे वैद्य होते. ‘हे कशावर घेतात’ याखेरीज दुसरे काही त्यांनी आरंभी सांगितले असेल असे मला वाटत नाही.

कंपनी सरकारचीही तऱ्हा निराळी नव्हती. कलकत्त्याची वनस्पती-वाटिका १७८७ साली निघाली ती फुलांचे ताटवे पाहून गव्हर्नर जनरलास आनंद व्हावा म्हणून नव्हे, तर जहाजांना साग मिळावा, मसाल्यांचा व्यापार हाती यावा आणि दुष्काळात रयतेला खायला काही असावे म्हणून. पुण्याजवळ दापोडीला मुंबई सरकारची बाग होती. तिचा अधीक्षक डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन हा पेशाने शस्त्रवैद्य, आणि सरकारी दवाखान्यांना लागणारी औषधे तिथे पिकवून तयार करण्याचा उद्योग त्याने मन लावून केला. तोच पुढे १८४७ साली मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. १८८३ साली मुंबईत निसर्गेतिहासाची मंडळी जमविणाऱ्या आठ जणांत जे दोन एतद्देशीय होते ते दोघेही डॉक्टर, आणि त्यांतील डॉक्टर सखाराम अर्जुन यांचे पुस्तक मुंबईच्या बाजारातील औषधींवरचे. सिंगापूरच्या बागेचा रिडले नावाचा अधिकारी तर १८८८ पासून वर्षानुवर्षे मळेवाल्यांना रबराचे झाड न मारता त्याचा चीक कसा काढावा याचे धडे देत हिंडत असे, आणि लोक त्याला वेडा म्हणत. मोटारी आल्या, रबराला भाव आला, आणि वेडा द्रष्टा ठरला. शुद्ध ज्ञानासाठी झाडाकडे पाहणे ही गोष्ट, एकंदरीत, वनस्पती-उद्यानांच्या इतिहासात बरीच उशिरा आलेली आणि अजूनही उपरी वाटणारी आहे.

खरेखुरे वनस्पती-उद्यान पाहायचे म्हणून आमच्या शाळा लोकलगाडीने मुलांना भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेतात. १८६२ साली लोकांना खुली झालेली ही बाग वृक्षांच्या बाबतीत खरोखर श्रीमंत आहे: आफ्रिकेची गोरखचिंच, दक्षिण अमेरिकेचा कैलासपती, ब्रह्मदेशची ती अलौकिक उर्वशी, अशी दूरदूरच्या मुलखांतली मंडळी तिथे पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदत आहेत. परंतु २०१७ पासून तिथे पेंग्विन पाहायला मिळू लागले, आणि उष्ण कटिबंधातील वृक्षांची जुनी बाग पाहण्यास निघालेली मुले थंडगार काचघरापुढे रांग लावून उभी राहू लागली. परतल्यावर मुलांनी लिहिलेल्या ‘राणीच्या बागेतील एक दिवस’ या विषयावरील निबंधांचा एक गठ्ठा मला एका शिक्षिकेने चाळावयास दिला होता. त्यात पेंग्विन पानोपानी होते आणि वृक्षसृष्टीचा उल्लेख ‘नंतर आम्ही एका झाडाखाली डबा खाल्ला’ एवढ्यापुरताच होता. कोणते झाड, हे कोणी लिहिले नव्हते. मात्र डब्यात काय होते हे सर्वांनी लिहिले होते.

पालकांचा एक प्रश्न याहून व्यावहारिक असतो. अलीकडेच एका मातेने आपल्या मुलीचा वनस्पतींकडे ओढा आहे हे मोठ्या काळजीच्या स्वरात मार्गदर्शकाला सांगून, "पण याला पुढे स्कोप काय?" असे विचारले. हा प्रश्न तो बहुधा नेहमी ऐकत असावा, कारण त्याचे उत्तर तयार होते. तो म्हणाला, "बाई, आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. रायगडाच्या वाटेवरच्या नाते गावात जन्मलेले चिंतामणराव देशमुख. केंब्रिजला वनस्पतिशास्त्राचं पारितोषिक मिळवलं, १९१७ साली." मातेचा चेहरा उजळला. "मग?" "मग दुसऱ्याच वर्षी आय. सी. एस. ला पहिले आले. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री." त्या माउलीने हे सर्व नीट ऐकून घेतले, आणि मान हलवून म्हटले, "म्हणजे शेवटी सोडलंच ना त्यांनी ते." मार्गदर्शकाने त्यानंतर बराच वेळ कोणत्याही झाडाविषयी काही सांगितले नाही.

सबंध कार्यक्रमात एकही शब्द न बोलता जी शिकवते अशी वनस्पती एकच, आणि ती म्हणजे खाजकुयली. हिवाळ्यात तिच्या मखमली शेंगा वाटेच्या कडेला लोंबू लागल्या की ‘हात लावू नका’ असा हुकूम सुटतो, आणि हुकूम सुटला म्हणूनच कोणीतरी लावतो. पुढील पाऊण तासात त्या मुलाला वनस्पतींच्या संरक्षक केसांविषयी जे आकलन होते ते आमरण टिकते. गारंबीच्या मीटरभर लांब शेंगेची तलवार करून जे दोन वीर आतापर्यंत लढत होते तेही शस्त्रे खाली ठेवून त्याच्याकडे अभ्यासू नजरेने पाहू लागतात. या प्रसंगी तरी झाड केवळ झाड म्हणून आपला प्रभाव पाडील असे वाटले होते; पण गडबड शमताच अण्णांनी मार्गदर्शकाला किंचित बाजूला घेतले आणि मुलांना ऐकू जाणार नाही इतक्या खालच्या आवाजात विचारले, "हिचंच ना हो ते कवचबीज? शक्तिवर्धक म्हणतात ते?" आणि प्रौढ मंडळातील जे सभासद इतका वेळ वडे येण्याच्या वाटेकडे डोळे लावून होते ते एकाएकी वनस्पतिशास्त्राभोवती गोळा झाले.

गेल्या पौषातल्या फेरीत या तरुणाने अखेर शस्त्र उपसले. जेवणापूर्वी सर्वांना एका मोकळवनात थांबवून त्याने जाहीर केले, की आज तो मंडळींना अशी एक वनस्पती दाखवणार आहे जिचा काडीचाही उपयोग नाही. कारवी त्याने आधीच वगळली होती, कारण सात-आठ वर्षांनी एकदा फुलणाऱ्या त्या झुडपाचे कौतुक तो सांगू लागताच तिच्या काटक्यांच्या कुडाच्या भिंती किती टिकतात यावर मागे चर्चा सुरू झाली होती. कांडोळही वगळला होता, कारण पांढऱ्याफटक बुंध्यामुळे चांदण्यात भुतासारखे दिसणारे ते झाड पाहून कोणी घाबरण्याऐवजी त्याचा डिंक लाडवांत चालेल का अशी पृच्छा झाली होती. तेव्हा त्याने वाटेच्या दोन्ही अंगांना माजलेल्या रानमोडीकडे बोट दाखविले आणि आवाज चढवून सांगितले, की ही परदेशी बया अमेरिकेतून आली, हिने सह्याद्रीची राने गिळली, हिला गुरे खात नाहीत, हिच्याखाली दुसरे काही उगवत नाही. ही निव्वळ निरुपयोगी आहे, आणि केवळ ती अशी का आहे एवढे समजून घेण्यासाठी आपण तिच्याकडे पाच मिनिटे पाहणार आहोत.

मंडळी पाहू लागली. मला वाटते मिनिट-दीड मिनिट खरोखर कोणी काही विचारले नाही. इतक्यात तलवारवाल्या वीरांपैकी एक जण दगडावरून घसरला आणि गुडघा फोडून घेऊन मोठ्याने रडू लागला. प्रथमोपचाराची पेटी गाडीत, गाडी फाटकाशी. पायवाट झाडून काढणारी एक ठाकर बाई जवळच होती, तिने खराटा टाकला, रानमोडीची चार पाने ओरबाडली, तळहातावर चुरून तो हिरवा लगदा पोराच्या गुडघ्यावर दाबून धरला आणि म्हणाली, "रडू नको रे, थांबतं आता." रक्त थांबले. पोर रडायचे थांबले. मार्गदर्शकही बोलायचा थांबला.

अण्णांनी वही उघडली, नवे पान काढले, वर ‘रानमोडी’ असे लिहून खाली रेघ मारली, आणि बाईकडे वळून अत्यंत अदबीने विचारले, "ताई, ही रोज उपाशीपोटी घेतली तर चालेल का?"